समुपदेशकाच्या नावातला उपदेश

जयपूरच्या जवाहरलाल नेहरू मार्गावर ‘शिक्षा संकुल’ अशी पाटी दिसली की नवखा मराठी माणूस दचकतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण; ती भोगायची वेळ येते मराठीत. १९४७ साली स्थापन झालेलं राजस्थान विद्यापीठही याच रस्त्यावर आहे. समुपदेशक व्हायचं म्हणून एखादी मराठी मुलगी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जयपुरात गेली, तर तिथल्या हिंदी पुस्तकांत तिला ‘समुपदेशन’ सहसा भेटणार नाही. तिथे विषयाचं नाव ‘निर्देशन एवं परामर्श’ आणि तो शिकून बाहेर पडणारा ‘परामर्शदाता’. आपल्याकडे मात्र ‘मार्गदर्शन आणि समुपदेशन’. दोन्ही जोड्या ‘गायडन्स अँड काउन्सेलिंग’ या एकाच इंग्रजी जोडीसाठी, दोन्ही संस्कृतातून आणलेल्या, तरी धातू निराळे.

‘परामर्श’मधला धातू मृश्. स्पर्श करणं, हात फिरवणं, चाचपणं हे त्याचे अर्थ. ‘विमर्श’ही त्याच घरातला. केस धरून ओढणं, यालाही संस्कृतात परामर्श म्हटलेलं सापडतं. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, याच शब्दाला काटेकोर पारिभाषिक अर्थ दिला. डोंगरावर धूर दिसला, धूर तिथे आग हे आठवलं, आणि तसाच धूर या डोंगरावर आहे अशी जोडणी मनात झाली, तर ती जोडणी म्हणजे परामर्श. अनुमान त्यानंतर. मराठीने यातला चाचपण्याचा आणि विचाराचा अंश ठेवला. आपण एखाद्या ग्रंथाचा परामर्श घेतो. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या नियतकालिकाचं नावही ‘परामर्श’. हिंदीत तो शब्द सल्ल्याकडे सरकला. म्हणून हिंदीत परामर्श देतात आणि मराठीत घेतात. मराठी माणसाने एखाद्याचा ‘चांगलाच परामर्श घेतला’, तर त्या बिचाऱ्यालाच नंतर समुपदेशकाची गरज पडायची.

‘समुपदेशन’ची फोड सोपी आहे: सम् आणि उप हे उपसर्ग, दिश् हा धातू. दिश् म्हणजे दाखवणं. दिशा, देश, आदेश, निर्देश, संदेश, उद्देश ही सगळी त्याचीच प्रजा. उप म्हणजे जवळ. तेव्हा उपदेश म्हणजे मुळात जवळ घेऊन दाखवणं. पाणिनीच्या शास्त्रात तर धातूचा किंवा प्रत्ययाचा मूळ पाठ म्हणजे उपदेश. त्यात नीतीचा, सदाचाराचा संबंध नाही. मराठीत मात्र या शब्दावर गुरूचं, कीर्तनकाराचं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं ओझं चढलं. उपदेशाचे डोस पाजतात, आणि फुकटचा असेल तर तो कुणालाच नको असतो. परिभाषेत त्याला ‘सम्’ जोडला गेला. या उपसर्गाचा अर्थ ‘सोबत’ असाही होतो आणि ‘पुरेपूर’ असाही. पहिला घेतला तर शब्द छान बसतो. दुसरा घेतला तर समुपदेशन म्हणजे काठोकाठ उपदेश!

तिसरा शब्द ‘सल्ला’. तो अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या अरबी धातूत ठीक असणं, नीट होणं, समेट होणं असे अर्थ आहेत. ‘मसलत’ही त्याच धातूची, त्यामुळे ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात एकाच घरचे दोघे शेजारी बसलेत. अकबराच्या ‘सुलह-ए-कुल’मधला सुलह यांचाच सख्खा. मराठीत ‘सला’ म्हणजे तह, समेट असाही अर्थ होता. आज सल्ल्यातला समेट विसरला गेला आणि शहाणपण तेवढं उरलं.

तो विसरलेला समेट न्यायालयात पुन्हा भेटतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने या न्यायालयांत समुपदेशकांची तरतूद केली. त्यानुसार देशातलं पहिलं कौटुंबिक न्यायालय १९८५ मध्ये जयपुरात सुरू झालं. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई इथे ते १९८९ साली आलं. आपल्याकडच्या पदाचं नाव ‘विवाह समुपदेशक’. समेट होतो का, हे त्यांनी पाहायचं असतं. झाला नाही तर मुलांचं काय, पोटगीचं काय, हे दोघांना निदान शांतपणे बोलता यावं यासाठी बसायचं असतं. जुन्या अर्थाने ते सल्ल्याचं काम आहे, आजच्या अर्थाने नाही.

सरकारी मराठीत या शब्दाची आणखी एक गंमत झाली आहे. शिक्षकांच्या बदल्या ‘समुपदेशनाने’ होतात, म्हणजे रिक्त जागांची यादी समोर ठेवून ज्येष्ठतेप्रमाणे निवड. वैद्यकीय प्रवेशाचं ‘काउन्सेलिंग’ही त्याच जातीचं. तिथे मन कुणी उघडत नाही, जागा भरतात.

ज्या शास्त्राचं हे नाव, त्याची सुरुवात मात्र खरोखरच मार्ग दाखवण्यातून झाली. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्सने बॉस्टनला तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी काढली. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या १९४२ च्या पुस्तकाने दिशा पालटली: दाखवणाऱ्याने मागे सरावं, बोलणाऱ्याला वाव द्यावा. आजच्या पदव्युत्तर वर्गात म्हणूनच तिघांचे गट करतात. एक बोलतो, एक ऐकतो, एक निरीक्षण करतो. ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘मग तू असं का करत नाहीस?’ निघालं की निरीक्षक ते टिपतो. मनोविकारांचे प्रकार पाठ होतात. हा प्रश्न गिळायला शिकणं जड जातं. नावात उपदेश असलेल्या या व्यवसायाचं निम्मं शिक्षण उपदेश आवरण्याचं आहे.

रॉजर्सने समोरच्याला ‘पेशंट’ म्हणणं सोडलं. मराठी समुपदेशकही ‘क्लायंट’च म्हणतात. वकिलांकडे यासाठी ‘अशील’ हा सुरेख शब्द आहे. तोही अरबी, अर्थ मूळ, अस्सल. वकील प्रतिनिधी आणि अशील मूळ माणूस. समुपदेशनाचं तत्त्व याहून थोडक्यात सांगता यायचं नाही, पण कोर्टाचा वास लागल्यामुळे तो शब्द इकडे येणं कठीण.

‘समुपदेशन’ बदलावं का? माझ्या मते नको. शब्द रुळलाय, आणि जवळ बसून दाखवणं हा त्याचा मूळ अर्थ कामाच्या विरोधात नाही. जपायला हवी ती पाटी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ‘समुपदेशक’ या शब्दाभोवती तसं कुंपण अजून पुरतं पडलेलं नाही, जरी २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने सुरुवात केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही थांबवले, कारण माणसासमोर बसून शिकायचं काम टपालाने येत नाही. तेव्हा जयपूर असो की जळगाव, समुपदेशकाची पाटी दिसली तर आत जाऊन दोन गोष्टी संकोच न करता विचारा: पदव्युत्तर शिक्षण कोणत्या विषयात झालं, आणि कुणाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केलं? आणि पहिल्याच भेटीत तुमचं म्हणणं पुरं व्हायच्या आत उपदेश सुरू झाला, तर खुशाल दुसरा समुपदेशक शोधा.