भुईआवळीची परीक्षा

पावसाळ्यात शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर वीतभर उंचीचे एक तण उगवते. त्याच्या बारीक डहाळ्यांच्या खालच्या बाजूला मोहरीएवढी हिरवी फळे ओळीने लागलेली असतात. ही भुईआवळी, आयुर्वेदातली भूम्यामलकी. कावीळ झाली की हिचा रस देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. रस घेतलेले बहुतेक रोगी बरेही होतात. मग तपासायचे काय राहिले?

मेख इथेच आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात रोगी जे घेईल त्याला बरे होण्याचे श्रेय मिळते. म्हणून औषध घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी करावी लागते.

पहिली परीक्षा प्रयोगशाळेत होते. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतात गेले की तिथल्याच विकरांमुळे त्यापासून अतिशय क्रियाशील मुक्त मूलके तयार होतात. ती पेशीपटलातील मेदांवर हल्ला करतात. पेशींना इजा होऊन आतली विकरे बाहेर झिरपतात. त्यांचे प्रमाण मोजले की इजा किती झाली हे कळते. १९८५ साली भारतीय संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात, भुईआवळीतील फिलँथिन आणि हायपोफिलँथिन ही द्रव्ये उंदराच्या यकृतपेशींचे या विषापासून रक्षण करतात, असे दिसले.

पण विषापासून रक्षण करणे वेगळे आणि विषाणूला आवर घालणे वेगळे. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू काहींच्या शरीरात वर्षानुवर्षे राहतो. अशा वाहकांना पुढे यकृताचा कर्करोग होण्याचा धोका असतो. हा विषाणू ओळखण्याची वाट दाखवणारे, १९७६ चे नोबेल मानकरी बारूक ब्लुमबर्ग यांच्या फिलाडेल्फियातील गटाने १९८७ साली भुईआवळीच्या अर्काची चाचणी केली. परीक्षानळीत त्याने विषाणूच्या डीएनए पॉलिमरेझ या विकराला रोखले. वुडचक या खारीच्या कुळातील प्राण्यातही परिणाम दिसला.

मग मद्रास विद्यापीठातील एस. पी. त्यागराजन आणि ब्लुमबर्ग यांच्या गटाने माणसांवर चाचणी घेतली. काही वाहकांना ३० दिवस भुईआवळीची पूड दिली आणि काहींना औषध नसलेली पूड दिली. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले आकडे असे: औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. दुसऱ्या गटात २३ पैकी फक्त एकाचे. म्हणजे ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के!

लेखकांनी स्वतःच याला प्राथमिक अभ्यास म्हटले होते. पुढची पायरी म्हणजे इतरांनी तोच प्रयोग करून पाहणे. १९९० साली थायलंडमध्ये आणि १९९४ साली न्यूझीलंडमध्ये तो झाला, पण तसे यश कुठेच मिळाले नाही. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेनेही औषध नसलेल्या पुडीच्या तुलनेत या वनस्पतीचा फायदा झाल्याचा खात्रीलायक पुरावा नसल्याचे म्हटले.

असे का व्हावे? वनस्पतीतील द्रव्यांचे प्रमाण माती, ऋतू आणि वाणानुसार बदलते. नावांचाही घोळ आहे. १९८७ च्या लेखात फिलँथस निरुरी म्हटलेली वनस्पती नंतर फिलँथस अमारस ठरली. लहान गटात योगायोगालाही वाव असतो. यातले नेमके कोणते कारण लागू पडते, हे केवळ या आकड्यांवरून ठरत नाही.

मात्र एक गोष्ट आज ठरलेली आहे. ‘ब’ काविळीवर १९८० च्या दशकापासून परिणामकारक लस आहे आणि वाहकांसाठी तपासलेली औषधेही आहेत. भुईआवळीच्या भरवशावर ती टाळणे धोक्याचे आहे.

३७ पैकी २२ आणि २३ पैकी १ हे आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत. यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तुम्ही संशोधकांना काय विचाराल, असा प्रश्न मुलांना करावा. दोन्ही गट सारखे का नाहीत, हे कोणीतरी विचारेलच. तिथून चर्चा सुरू करता येईल.