कुरुंद : गेलेला आणि परतलेला शब्द

सिल्लोडच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर सुतार धारेचा दगड मागतो तेव्हा ‘ऑइल स्टोन’ म्हणतो, नाहीतर ‘कार्बोरंडम’. एक अंग खरबरीत, दुसरे बारीक दाण्याचे. हे दुसरे नाव ऐकले की मला फार आपलेपणा वाटतो, कारण त्याच्या पोटात धारेच्या कठीण दगडाचे आपले जुने नाव ‘कुरुंद’ बसले आहे.

खुद्द सिल्लोडच्या मातीत कुरुंद सापडत नाही. अजिंठ्याच्या या डोंगररांगा काळ्या बेसाल्टच्या. विहिरीच्या काठच्या दगडावर विळा घासून घेता येतो. गवताला तेवढी धार पुरते. पटाशीचे तसे नाही. मोहसच्या मापाने बेसाल्टमधली खनिजे साधारण 5 ते 6 कठीण, आणि पाणी दिलेले पोलाद त्याहून थोडे वरच. मग दगड पोलादाला खात नाही, उलट पोलादच दगड गुळगुळीत करते. बेसाल्टच्या पोकळ्यांतली गारगोटी 7 वर आहे. कुरुंद 9 वर, आणि त्याच्या वर 10 ला फक्त हिरा. म्हणून कुरुंद बाहेरून येई. आपल्याकडे तो भंडाऱ्याच्या बाजूला सापडतो, तसाच कर्नाटकात आणि तमिळ मुलखातही.

संस्कृतात तो ‘कुरुविंद’, तमिळमध्ये ‘कुरुंदम’. वराहमिहिराने सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत माणकाची उत्पत्ती सांगताना कुरुविंदाचे नाव घेतले आहे. ते आजच्या रसायनशास्त्रालाही पटते, कारण माणिक, नीलम आणि धारेचा कुरुंद हे एकाच ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अवतार. सुश्रुताने तर कुरुविंद अनुशस्त्रांत, म्हणजे पोलादी शस्त्राऐवजी वापरायच्या साधनांत मोजला. शस्त्रांना धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी, असेही त्याने सांगून ठेवले. धार लावणे आणि धार टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे इतक्या जुन्या काळी कुणी नेमके लिहून ठेवावे याचे मला खरेच कौतुक वाटते.

पुढे कारागिरांनी कुरुंद कुटून, लाखेत कालवून त्याच्या चकत्या केल्या. तीच साण. एकाने पट्टा ओढून ती फिरवायची, दुसऱ्याने पाते धरायचे. हत्यारे घासूनपुसून लखलखीत करणारा तो शिकलगार; त्याचे नाव अरबी ‘सैकल’ म्हणजे चकाकी देणे यावरून आले.

1798 मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या कुरुंदावर निबंध वाचला. तिकडे ‘कुरुंदम’चा ‘कोरंडम’ झाला. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन माती आणि कोक विजेच्या उष्णतेत तापवत होता. हाती चकाकते, अतिकठीण स्फटिक आले. कार्बन आणि कोरंडम यांचा हा संयोग असावा असे समजून त्याने नाव ठेवले ‘कार्बोरंडम’. समज चुकीचा होता, ते होते सिलिकॉन कार्बाइड. नाव मात्र टिकले. 1954 मध्ये मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी उभी राहिली, आणि तमिळ शब्द दीडशेहून अधिक वर्षांनी परदेशी कपडे घालून त्याच मुलखात परतला.

आता दगड निवडायचा कसा? सिलिकॉन कार्बाइडचा दाणा फुटतो आणि फुटताना नवी टोके काढतो. म्हणून तो झपाट्याने कापतो, पण दगडही लवकर झिजतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे कुरुंदाच्याच कुळातला भट्टीतला दाणा चिवट. कामाला थोडा हळू, पण दगड सपाट राहतो. पटाशीला खाच पडली असेल तर पहिला घ्यावा. रोजच्या हाताला माझा कौल दुसऱ्याला. खरबरीत अंगावर घासताना पात्याच्या पाठीला काठभर बारीक खरखर बोटाला लागेपर्यंत थांबू नये. ती लागली की बारीक अंग घ्यावे. तेल किंवा पाणी लावायचे ते घासलेले कण दगडाच्या छिद्रांत बसू नयेत म्हणून. एकदा तेल प्यायलेल्या दगडावर पुन्हा पाणी चालत नाही.

बाभळीवर चालवायच्या पटाशीची धार थोडी जाड ठेवावी, नाहीतर गाठीवर तुटते. शेवटी पाते जुन्या चामडी पट्ट्यावर उलटे ओढावे. सावरीची फळी मिळाली तर तीवर. मधोमध खोलगट झालेला दगड टाकून देऊ नये. शहाबादी फरशीवर वॉटर पेपर पसरून, पाणी सोडत, दगड सपाट होईस्तोवर त्यावर फिरवावा. त्या काळ्या कागदावरही बहुधा ॲचेसनचेच स्फटिक चिकटवलेले असतात.