तारेचा पीळ

परवा संगणकाची तार बदलायला आलेला कारागीर तिचा हातभर तुकडा टाकून गेला. नातवाने वरचे प्लास्टिक सोलले, तर आत आठ बारीक तारा निघाल्या. दोन दोन करून एकमेकींभोवती पिळलेल्या. "आजोबा, ह्यांना पीळ कुणी घातला?" त्याने विचारले. पीळ म्हटला की आपल्याला सुंभ आणि त्याचा ताठा आठवतो. पण हा पीळ कामाचा आहे, आणि त्याची हकीकत दीडशे वर्षांच्या घरातली.

टेलिफोनने आरंभी तारायंत्राचीच रीत उचलली. एकच लोखंडी तार, आणि विजेची परतीची वाट जमिनीतून. धरणीमाता फुकटात नेते म्हटल्यावर दुसऱ्या तारेचा खर्च कोण करणार? पण टेलिफोनचा कान भारी तिखट. शेजारच्या तारायंत्राचा कडकडाट त्याला ऐकू येई, परक्याचे बोलणेही येई. उपाय स्वतः ग्रॅहम बेल यांनीच १८८१च्या पेटंटात मांडला. परतीसाठी दुसरी तार घ्यावी आणि दोघींना पीळ घालावा.

मौज अशी, की पीळ बाहेरचा खडखडाट अडवीत नाही. तो तारांवर पडतोच. पण पिळामुळे क्षणात ही तार त्याच्या जवळ, क्षणात ती. म्हणून दोघींवर तो सारखाच पडतो. ऐकणारे यंत्र दोघींतला फरक तेवढा घेते. सारख्यातून सारखे गेले की उरले शून्य! बोलणे मात्र दोघींवर उलटसुलट चाललेले असते, म्हणून ते शिल्लक राहते. वर धातूचे चिलखत चढवायला नको.

इतके सोपे, तरी कंपन्या हात आखडून होत्या. मग आली विजेची ट्राम. १८८८ साली अमेरिकेत रिचमंडला फ्रँक स्प्रेग यांनी ती यशस्वी केली आणि गावोगाव टेलिफोनात घरघर सुरू झाली, कारण ट्रामची वीजही रुळांतून, जमिनीतून परतत असे. सिनसिनाटीचे भांडण ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८९१ साली निकाल ट्रामच्या बाजूने लागला. रस्ता मुळात जाण्यायेण्यासाठी; जमिनीवर टेलिफोनचा एकट्याचा हक्क नाही. झक्कत दुसरी तार घालावी लागली. खटला हरून इतके भले क्वचितच कुणाचे झाले असेल.

संगणकांना जोडणारे इथरनेट १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मले, ते जाड, आवरणाच्या केबलवर. पण कचेऱ्यांच्या भिंतींत टेलिफोनच्या पिळलेल्या जोड्या आधीच होत्या. १९९०च्या मानकाने त्यांच्यावरून सेकंदाला एक कोटी बिट धाडले. १९९९च्या मानकाने अशाच, पण अधिक काटेकोर पिळाच्या चार जोड्यांवरून शंभर मीटरपर्यंत शंभर कोटी.

नातवाला दाखवले, की प्रत्येक जोडीचा पीळ निराळा आहे, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. सारखे असते तर शेजारणी एकमेकींचे बोलणे ऐकत बसल्या असत्या. तो "हं" म्हणाला. तोवर त्याने एक जोडी उलगडून सरळ केली होती. आकाशकंदील बांधायला त्याला तार हवी होती.