वेरूळच्या गिलाव्यातील भांग

१/ वेरूळला येणाऱ्याची नजर शिल्पांवर खिळते. भिंतीवरील मातीच्या गिलाव्याकडे ती क्वचितच वळते. त्या गिलाव्यात मात्र एक वनस्पती शतकानुशतके टिकून होती.

२/ पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी १२ व्या, म्हणजे ‘तीन ताल’ या बौद्ध लेण्यातील गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि ताज्या झाडांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला. मातीत कालवलेले तुकडे भांगेच्या झाडाचे निघाले. हा शोध २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

३/ अजिंठ्याच्या गिलाव्यातही वनस्पतींचे अंश आहेत. परंतु तेथे किडींनी तो पोखरला आणि त्यावरील काही चित्रेही गेली. वेरूळला तशी कीड आढळली नाही. याचे श्रेय अभ्यासक भांगेला देतात.

४/ धागे मातीला बांधून ठेवतात. त्यामुळे वाळताना तडे कमी पडतात. देवगिरीच्या किल्ल्यातील १२ व्या शतकातील बांधकामातही भांग वापरल्याचे याच संशोधकांनी नोंदवले आहे.

५/ फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या डागडुजीसाठी भांगेच्या खोडाचे तुकडे चुन्यात मिसळले जाऊ लागले. आजचे ‘हेम्पक्रीट’ ते हेच. वाढताना झाड आणि घट्ट होताना चुना, दोघेही हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतात.

६/ वेरूळ आणि फ्रान्स यांना जोडणारी परंपरा नाही. पण आज बहुतेकदा नशेसाठी ओळखले जाणारे हे झाड वेरूळच्या कारागिरांसाठी बांधकामाचे साहित्य होते. अजिंठ्याची पोखरलेली चित्रे पाहताना त्या निवडीचे मोल कळते.