आखाजीची घागर

देवळ्यासह कसमादे पट्ट्यात आणि खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा पितरांचा सण. कुंभाराकडची नवी घागर पाण्याने भरून तिच्यावर मातीचे छोटे भांडे, खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवतात. उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवत पूर्वजांची आठवण काढतात. घागरीखाली ठेवलेल्या मातीच्या चार ढेकळांना पावसाळ्याच्या चार महिन्यांची नावे. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला, असा अंदाज. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचे) वर्षही आखाजीलाच संपे. बलुतेदारीत कुंभाराला मडक्यांच्या बदल्यात धान्य मिळे. पुढे रोखीचा व्यवहार आला, स्टील-प्लास्टिकने रोजची मडकी हटवली. आखाजीला मात्र घागर मातीचीच लागते.

मेक्सिकोतला असाच पितरांचा सण १ आणि २ नोव्हेंबरला येतो. पिक्सारच्या ‘कोको’ (२०१७) या अ‍ॅनिमेशनपटाने तो जगभरच्या मुलांपर्यंत पोचवला. तिथे पितरांचे फोटो मांडतात, झेंडू पसरतात (आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिकडचाच) आणि रंगीत कागदाची जाळीदार तोरणे लावतात. पातळ कागदांचे थर रचून ती छिन्नीने कोरली जातात. पुएब्ला राज्यातले सान साल्वादोर वीश्कोलोत्ला हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे.