जखमींचे रक्षण करणारा कायदा : डॉ. कोटणीस यांच्या सोलापुरातून एक दृष्टिक्षेप

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले हे तरुण डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय सभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करीत ते तेथेच राहिले. १९४१ मध्ये कॅनडाचे दिवंगत शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचविली. परंतु युद्धभूमीवरील अशा डॉक्टरांचे व त्यांच्या रुग्णांचे रक्षण कोणता कायदा करतो, याची माहिती मात्र थोड्यांनाच असते. ती येथे थोडक्यात देत आहोत.

कायद्याचा उगम

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. जवळच्या कास्तिल्योने गावातील चर्च जखमींनी भरून गेले. गावातील स्त्रियांनी मित्र व शत्रू असा भेद न करता सर्वांची सेवा केली. हे दृश्य पाहणारे स्विस व्यापारी आंरी द्युनां यांच्या प्रयत्नांतून १८६३ मध्ये रेड क्रॉसची स्थापना झाली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनिव्हा करार संमत झाला. पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. आज लागू असलेले चार करार १२ ऑगस्ट १९४९ रोजीचे असून जगातील सर्व राष्ट्रांनी ते स्वीकारले आहेत. भारताने १९५० मध्ये त्यांना मान्यता दिली.

करारांतील प्रमुख तत्त्वे

१. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यावर उपचार झालेच पाहिजेत. कोणावर आधी उपचार करायचे हे केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरते.

२. डॉक्टर, परिचारिका, रुग्णालये व रुग्णवाहिका यांच्यावर हल्ला करता येत नाही.

३. जखमींची शुश्रूषा केली म्हणून कोणालाही त्रास वा शिक्षा देता येत नाही.

४. रुग्णालयाचा वापर शत्रूला इजा करण्यासाठी झाला तरच त्याचे संरक्षण संपते. तेही आधी इशारा देऊन व शक्य तेथे वाजवी मुदत दिल्यानंतरच. आतील रुग्णांचे संरक्षण तेव्हाही कायम राहते.

या चौकटीत डॉ. कोटणीस यांचे पथक सहजासहजी बसणारे नव्हते. तटस्थ देशातील संस्थेने युद्धात गुंतलेल्या देशाकडे वैद्यकीय पथक पाठवायचे तर आपल्या सरकारची पूर्वसंमती हवी, असे करार सांगतो. येथे तर देशच पराधीन होता आणि पथक पाठविले होते स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय सभेने. सेवेची हाक कायद्याच्या पुढे धावली होती. १९४९ च्या करारांनी वरील तिसरे तत्त्व शब्दबद्ध करून अशा सेवाव्रतींना अधिक भक्कम आधार दिला.

आजचे आव्हान

कायदा स्पष्ट आहे. त्याचे पालन मात्र ढासळत आहे. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदूझ येथील रुग्णालयावर अमेरिकेच्या विमानाने केलेल्या हल्ल्यात ४२ जण मृत्युमुखी पडले. ३ मे २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२८६ संमत करून अशा हल्ल्यांचा निषेध केला. तरीही ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील मारिउपोल येथील प्रसूतिगृहावर हल्ला झाला. पुढे सुदान व गाझा येथेही रुग्णालये सुटली नाहीत. शत्रू तेथे लपला होता, ही सबब वारंवार दिली जाते. परंतु सबब सांगणे म्हणजे पुरावा देणे नव्हे आणि इशाऱ्याची अटही त्यामुळे रद्द होत नाही.

रुग्णालयावर हेतुपुरस्सर हल्ला करणे हा युद्धगुन्हा आहे. त्याचा खटला हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात चालू शकतो. तथापि अमेरिका, रशिया, चीन, इस्रायल आणि आपला भारत या न्यायालयाचे सदस्य नाहीत. अशा वेळी चारही करारांचे पहिलेच कलम महत्त्वाचे ठरते. प्रत्येक राष्ट्राने करार स्वतः पाळावेत, इतकेच नव्हे तर इतरांकडूनही ते पाळले जातील हे पाहावे, असे ते बजावते. म्हणजेच दूरच्या युद्धातही कोणतेही राष्ट्र निव्वळ प्रेक्षक राहू शकत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात असे करार पाळलेच पाहिजेत व त्यांत सुधारणाही झाली पाहिजे, असे सांगितले. व्हॅटिकन स्वतः या करारांत सहभागी आहे. १७ जुलै २०२५ रोजी गाझामधील पवित्र कुटुंब चर्चवर तोफगोळा पडून आश्रयास आलेल्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला व तेथील धर्मगुरू जखमी झाले, तेव्हा हा विषय आपल्याच कुटुंबातील झाला. दयाळू शोमरोनीने रस्त्यावर पडलेल्या माणसाची जात विचारली नाही, हे आपण जाणतो. जिनिव्हा करार हीच दया राष्ट्रांवर बंधनकारक करतो.

आपण काय करू शकतो?

पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रूस हे या संरक्षणाचे चिन्ह आहे. ते वैद्यकीय व्यवसायाचे सर्वसाधारण चिन्ह नव्हे आणि आपल्या श्रद्धेचेही नव्हे. भारताच्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीविना त्याचा वापर करणे हा दंडनीय गुन्हा आहे. तरीही दवाखान्यांच्या पाट्यांवर, खासगी मोटारींवर व शाळांतील प्रथमोपचार पेट्यांवर ते सर्रास दिसते. शांततेच्या काळात चिन्ह स्वस्त झाले, तर युद्धकाळी त्याला पाहून बंदूक खाली येणार नाही. म्हणून आपल्या धर्मग्रामांतील संस्थांनी व भाविकांनी आपापल्या फलकांवर व वाहनांवर एकदा नजर टाकावी आणि ते चिन्ह असल्यास काढावे, अशी आमची नम्र विनंती आहे. सोलापुरात डॉ. कोटणीस यांचे स्मारक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि त्यांच्या सेवेबरोबरच या कायद्याचीही ओळख करून द्यावी.