बॅकअप आणि सिंक: या दोन शब्दांत नेमका फरक काय?

फोनच्या सेटिंगमध्ये बॅकअप आणि सिंक हे शब्द इतके जवळजवळ दिसतात की बरेच जण त्यांचा अर्थ एकच धरतात. मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न यातूनच येतो: "फोटोंचा बॅकअप चालू आहे, मग फोनमधले डिलीट केले तर चालेल ना?" उत्तर देण्याआधी दोन्ही शब्द समजून घेऊया.

बॅकअप म्हणजे काय?

मूळ माहिती गेली तर कामी यावी म्हणून वेगळी ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. समजा, व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्री झाला आणि सकाळी तुम्ही एक चॅट डिलीट केलं. रात्रीच्या प्रतीत ते चॅट तसंच असतं. पुढचा बॅकअप झाला की मात्र जुन्या प्रतीची जागा नवी घेते.

सिंक म्हणजे काय?

सिंक हे सिंक्रोनाइझ या शब्दाचं छोटं रूप. त्याच्या मुळाशी दोन ग्रीक शब्द आहेत: 'सिन' म्हणजे सोबत आणि 'क्रोनोस' म्हणजे काळ. दोन-तीन ठिकाणची माहिती एकसारखी ठेवणं हे सिंकचं काम. गूगल खात्यात सेव्ह केलेला नंबर फोनवर बदलला, की लॅपटॉपवरही बदलतो. फोनवरून काढला, तर तिथूनही जातो!

मराठीत बोलताना आपण हा फरक नकळत पाळतो. बॅकअप आपण 'घेतो', सिंक 'चालू असतं'.

मग फोटोंचं काय?

खरी गंमत इथे आहे. गूगल फोटोजमध्ये सेटिंगचं नाव बॅकअप आहे, पण डिलीट करताना ते सिंकसारखं वागतं. ॲपमध्ये फोटो डिलीट केला की तो क्लाउडमधूनही ट्रॅशमध्ये जातो. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, नंतर कायमचा जातो. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तेही असंच चालतं. तिथे साधारण ३० दिवस मिळतात.

फोनमध्ये फक्त जागा करायची असेल तर गूगल फोटोजमधला 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा. तो बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतो, क्लाउडमधल्या तशाच ठेवतो.

थोडक्यात, कुठल्याही ॲपमध्ये स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथून काढलं तर तिथे राहील का? राहत असेल तर तो बॅकअप, जात असेल तर ते सिंक. आणि लग्नाचे, आजी-आजोबांचे असे पुन्हा न मिळणारे फोटो असतील, तर त्यांची एक प्रत पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर नक्की ठेवा. तिथे सिंक पोहोचत नाही.